डंकाचा आवाज आला की डावीकडे

मुंबईला मी याआधी पुष्कळदा गेले आहे. लग्नाला गेले, बारशाला गेले, दवाखान्यात कोणाला तरी डबा द्यायलाही गेले. या खेपेला मात्र मी शूटिंगला गेले होते. हे वाक्य मी कराडात भाजी घेताना, दळण टाकताना आणि कोणी विचारलं नसतानाही इतक्यांना ऐकवलं होतं, की आता रिकाम्या हाताने परत येणं म्हणजे गावभर हसं करून घेणं होतं.

माझं एक चॅनेल आहे, 'रजनीची रंगत'. हौस दांडगी, पण रंगत काही येत नव्हती. आधी मी पाककृती केल्या. मग कळलं की कराडात प्रत्येक गॅसच्या शेगडीसमोर एक मोबाईल उभा आहे. मग रांगोळी केली. मग योगासनं केली, त्यात मी तोल जाऊन कपाटावर आदळले. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला, पण तो विषय काही रोज करण्यासारखा नव्हता. शेवटी एक ऑनलाइन वर्ग लावला. तिथले सर सारखे म्हणायचे, "आधी नीश शोधा, नीश सापडला की सगळं सापडलं." मला बरेच दिवस वाटत होतं की निशा नावाची कोणी बाई आहे आणि तीच हे सगळं करून देते. नीश म्हणजे आपला स्वतःचा, दुसऱ्या कोणाचा नसलेला विषय, हे फार उशिरा समजलं. तो मुंबईत सापडेल असं मी ठरवून टाकलं. तिथेही नाही सापडला तर चॅनेल बंद करायचं, हेही मनाशी ठरवलं. मात्र हे दुसरं मी दळण टाकताना कोणाला सांगितलं नव्हतं.

माझे व्हिडिओ अगदी शेवटपर्यंत पाहणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आणि गंमत अशी की आत्याबाईंना दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. माझा व्हिडिओ लावून दिला की त्या मोबाईल कानाला लावतात, कोणाचा फोन आल्यासारखा, आणि मान डोलावत बसतात. त्यांचं माहेर लालबागचं. वडील गिरणीत होते. लग्न होऊन त्या कराडला आल्या ते आल्याच, आणि आता गुडघ्यांनी प्रवास बंद केला आहे. मी बॅग भरत होते तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "मुंबईला निघालीयास तर मला लालबाग दाखव."

"दाखवते की," मी म्हटलं. आंधळ्या माणसाला दाखवायचं कसं, हा विचार तेव्हा मनात आला नाही. मी चार्जर शोधत होते.

"रस्त्यानं सरळ जायचं. चटणी कुटायच्या डंकाचा आवाज आला की डावीकडं वळायचं. मग कोळणीचा आवाज यील. तिथं थांबायचं. तिथंच आमची चाळ."

पत्ता सांगायची ही काय तऱ्हा, म्हणून मी हसले आणि बॅगेची चेन ओढली.

दादर

मुक्काम परळला, वन्संकडे. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, आत्याबाईंची मुलगी. तिचे यजमान मालवणचे. त्यांना मी दाजी म्हणते. पहिल्याच सकाळी मी दादरच्या फूलबाजारात जाऊन धडकले.

आमच्याकडे फुलं पुडीत मिळतात, केळीच्या पानात, वर दोरा. इथे फुलांचे ढीग पाहून माझं डोकंच फिरलं. झेंडू पाटीने, शेवंती गोणीने, आणि गुलाब तर भाजीच्या जुड्यांसारखे कागदात बांधून रचलेले. मी काठीला मोबाईल लावला, तो हातभर पुढे धरला आणि सुरू झाले. "नमस्कार मंडळी! मी तुमची लाडकी रजनी, आणि आज आपण आलो आहोत दादरच्या…" बोलत बोलत मी मागे मागे चालत होते, कारण पुढे चाललं की मागचा बाजार दिसत नाही, असं सरांनी शिकवलं होतं. मागे चाललं की काय होतं ते सरांनी शिकवलं नव्हतं. मी झेंडूने भरलेल्या एका पाटीत बसले, चांगली ऐसपैस.

"बसा आता निवांत," फूलवाली म्हणाली. "चहा मागवू का?"

"सॉरी हो मावशी, दिसलंच नाही."

"दिसंल कसं? सगळं लक्ष स्वतःच्या थोबाडाकडे. ओ ताई, धंद्याचा टाइम आहे, उठा!"

शेजारच्या सगळ्या फूलवाल्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी चेंगरलेला झेंडू विकत घेतला, नाही म्हणायला तोंडच नव्हतं. दिवसभर वन्संच्या घरात जिकडेतिकडे झेंडूच होता. दाराला, देवाला, फ्रीजच्या दांड्यालाही.

तो व्हिडिओ मी कराडला पाठवला. आमच्या ह्यांचा फोन आला. "आईनं ऐकला."

"काय म्हणाल्या?"

ह्यांनी जरा आढेवेढे घेतले. तेवढ्यात मागून आत्याबाईंचाच आवाज आला, "लई बोलतीयास गं! मागचं कायबी ऐकायला ईना!"

मला राग आला. व्हिडिओ माझा, चॅनेल माझं, आणि ऐकायचं मागचं? मी तणतणत जेवायला बसले. दाजींनी बोंबील तळले होते, रव्यात घोळवून, कुरकुरीत. आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेचा, त्याचं कालवण करायचं आणि काटे काढत बसायचं. हा बोंबील तोंडात घातला की नुसता विरघळत होता. दुसरा तुकडा पोटात गेल्यावर रागही विरघळला.

जेवल्यावर दाजींनी माझा व्हिडिओ पाहायला मागितला. चष्मा चढवून जरा वेळ पाहिला, मग मोबाईल पुढून-मागून फिरवून कॅमेऱ्याच्या दोन्ही काचा उजेडात धरल्या.

"ह्या काय गो? ह्या फोनार भजी तळलंस काय?"

दोन्ही काचांवर तेलाचा बोटभर थर होता. माझा मोबाईल पर्समध्ये राहतो आणि पर्समध्ये खोबरेल तेलाची बाटली राहते. दाजींनी गंजीच्या टोकाने काचा पुसल्या आणि मला खिडकीतून बाहेर धरायला सांगितलं. समोरच्या इमारतीतला वाळत टाकलेला टॉवेल, त्यावरची फुलं, एवढंच काय त्यातला विरलेला धागाही दिसायला लागला! मी ओरडलेच. माझे आजवरचे सगळे व्हिडिओ धूसर होते, आणि मला वाटायचं की ती चॅनेलची शैली आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या व्हिडिओखाली एका प्रेक्षकाने लिहिलं होतं, 'काय सुंदर धुकं! महाबळेश्वर का?' त्याला मी धन्यवादही दिले होते.

गिरगाव

काच स्वच्छ झाल्याचा आनंद असा, की दुसऱ्या दिवशी मी वन्संना ओढतच गिरगावात नेलं. आधी चौपाटीवर गेलो. तिथे वारा असा सुटला होता की व्हिडिओत माझं बोलणं कुठेच नाही, नुसतं फर्रर्र फर्रर्र. वन्सं म्हणाल्या, "हा आईला पाठव, यात तू अजिबात बोलत नाहीस." मग आम्ही एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणा वडा खाल्ला आणि वर पीयूष प्यायलो. श्रीखंड पातळ करून पेल्यात घालायचं हे आमच्या गावात कोणाला सुचलंच नाही. मी दुसरा पेला मागवला तेव्हा वन्संनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःसाठीही मागवला.

वन्संची एक मैत्रीण तिथल्या एका चाळीत राहते. चाळीच्या चौकात उभं राहून मी शूटिंग सुरू केलं आणि तीन बाजूंच्या गॅलऱ्या भरायला लागल्या. आमच्याकडे कोणी कॅमेरा काढला की बायका दार लोटून आत जातात. इथे उलटंच होतं. सगळे बाहेर आले आणि सगळेच दिग्दर्शक झाले.

"अहो बाई, फोन वर धरा, आमची डोकी कापली जातायत!"

"उजेड तोंडावर घ्या. पाठीवर नको, काळ्या दिसाल!"

"ए, तिला जिन्यावर घे ना, तिकडून भारी फ्रेम मिळते!"

मी इकडून तिकडे, तिकडून इकडे नाचत होते. खरं सांगते, इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा कठड्यावर रेलून म्हणाले, "मी एक विचारू का? हौशी नाटकात आयुष्य गेलंय म्हणून विचारतो. तुम्ही सूत्रधार आहात, की सगळी पात्रंही तुम्हीच?"

"म्हणजे काय आजोबा?"

"अहो, सूत्रधाराने नमन करावं आणि विंगेत जावं. तुम्ही मघापासून आमच्या चाळीचं वर्णन करताय आणि चाळीला तोंड उघडू देत नाही."

सगळी चाळ हसली. मीही हसले, पण आत कुठेतरी टोचलं. कारण हेच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत कराडहून आलं होतं. परत येताना मी वन्संना म्हटलं, "मला काही जमत नाही वाटतं हे." वन्सं म्हणाल्या, "काल काच पुसली, आज ऐकून घेतलंस. उद्याचं उद्या बघू." मुंबईत राहून त्या फार कमी शब्दांत बोलायला शिकल्या आहेत.

लालबाग

परळहून लालबाग चालत जाण्यासारखं आहे, म्हणून मी एकटीच निघाले. आत्याबाईंचा पत्ता डोक्यात होता. रस्त्याने सरळ, डंकाचा आवाज आला की डावीकडे. सोपं होतं. पण सवय कुठली जायला! मी काठी काढली आणि सुरू झाले. उड्डाणपुलाबद्दल बोलले, काचेच्या उंच इमारतींबद्दल बोलले, चिवड्याच्या दुकानांपुढे तर दोन्ही हातांनी बोलले आणि मक्याचा चिवडा चाखत पुढे गेले. बोलता बोलता चांगली लांब आले. डंक काही ऐकू आला नाही.

शेवटी हेल्मेट घातलेल्या एका मुलाला थांबवलं. "भाऊ, इथं चटणी कुठं मिळते?"

"कुठली, ग्रीन का रेड?"

"लाल लाल! झणझणीत."

"ते सिग्नलजवळ सँडविचवाला आहे बघा, त्याच्याकडे भेटेल."

मला नवल वाटलं, पण गेले. सँडविचवाल्याला म्हटलं, "चटणी द्या."

"चटणी अलग से नहीं मिलती, मॅडम. सँडविच के साथ."

"अहो, मला किलोभर पाहिजे!"

त्याने सुरी खाली ठेवली. "किलोभर? पार्टी है क्या?"

"मग वर्षभर पुरायला नको?"

आता त्याच्या गाडीभोवतीची माणसंही माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आमच्या घरात माणशी किलो लागते, उन्हाळ्यात करून बरणीत भरून ठेवतो. त्याच्या डोळ्यांपुढे बरणीभर कोथिंबिरीची चटणी वर्षभर टिकलेली उभी राहिली असणार. मग मी हाताने कुटून दाखवलं, धप धप, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे, मसाला बोलो ना! वो तो पीछे छूट गया."

आमच्या कराडकडे चटणी म्हणजे लाल तिखट, कांदा-लसूण घालून कुटलेलं. जन्मभर दुसऱ्या कशाला मी चटणी म्हटलेलं नाही. हसून हसून सँडविचवाल्याने मला सँडविच दिलं, वर दोन्ही चटण्या जास्त. ते खात मी मागे फिरले, आणि तोंडात घास असल्यामुळे या वेळी गप्प होते.

आणि आवाज आला. आधी पायांना कळला, मग कानांना. धप-ढप, धप-ढप. मघाशी मी याच्याच समोरून गेले होते, उड्डाणपुलाची माहिती सांगत.

गल्लीत लाल मिरच्यांचे ढीग होते. बेडगी होती आणि आमच्या ओळखीची संकेश्वरीही होती. तिला पाहून गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. कुठे धणे भाजत होते, कुठे खोबरं. दुकानांच्या आत लोखंडी मुसळं ओळीने वर जात होती आणि उखळात आदळत होती. तो डंक! मी घास गिळला, मोबाईल सुरू केला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, "नमस्कार मंड…"

पुढचं 'ळी' आलंच नाही. मिरचीचा खकाणा थेट घशात गेला. असा ठसका लागला की डोळ्यांतून, नाकातून पाणी. खोकते, शिंकते, पुन्हा खोकते. मसालेवाल्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "नवीन दिसता! आधी तोंड मिटायचं, मग गल्लीत शिरायचं."

मी मान हलवली. बोलणं शक्यच नव्हतं. भिंतीला टेकून उभी राहिले आणि हातातला मोबाईल तसाच चालू राहिला. समोर एक बाई दुकानदाराशी भांडत होती, "गेल्या वर्षी दगडफूल कमी घातलंस, सासऱ्यांनी पहिल्याच घासाला नाव ठेवलं!" तो म्हणत होता, "काकी, सासऱ्यांना इकडे घेऊन या, समोर कुटतो." कोणी तरी चाळणी आपटत होतं. मागे डंक चालूच होते. मी पहिल्यांदाच नुसती उभी होते.

संध्याकाळी आम्ही तो व्हिडिओ पाहिला. मला तो वाया गेलेला वाटला. त्यात मी दिसतच नव्हते, नुसती अधूनमधून शिंकत होते. वन्संना हसू आवरेना, म्हणून त्यांनीच तो कराडला पाठवून दिला. जरा वेळाने ह्यांचा फोन.

"आई परत परत ऐकतीया. फोन कानाचा काढंना."

"काय म्हणतायत?"

"म्हणतीया, डावीकडं वळायचं सोडून ही खोकत का बसली?"

त्या ऐकत नव्हत्या. त्या चालत होत्या, माझ्याबरोबर, त्या गल्लीपर्यंत येऊन थांबल्या होत्या. मी फोनवर म्हटलं, "त्यांना सांगा, उद्या वळते."

फोन ठेवल्यावर वन्सं गंभीर झाल्या. "रजनी, आईची चाळ कधीच पाडली. तिथं टॉवर झालाय. मी तिला सांगितलेलं नाही."

दाजी म्हणाले, "मगे काय दाखवतलंस तू तिका?"

मला रात्री नीट झोप लागली नाही. माझा विषय, माझा तो नीश, हाताला लागला होता हे मला कळत होतं. पण तो ज्यांच्यामुळे लागला त्यांच्या कानावर उद्या काय पडणार, याची धास्ती वाटत होती.

पुन्हा लालबाग, डावीकडे

सकाळी वन्संच्या फोनवरून कराडला फोन लावला, स्पीकर चालू केला, आणि माझ्या मोबाईलवर शूटिंग. दोन्ही हातांत दोन फोन. एक अक्षर बोलायचं नाही, असं ठरवलं होतं.

डंक सुरू झाले होते. कराडहून आवाज आला, "हां. आता वळ."

वळले. आवाज मागे पडला. पुढे रस्ता चकचकीत, दोन्हीकडे लावलेल्या गाड्या, समोर मान मोडेल एवढी उंच इमारत, लोखंडी फाटक, वॉचमन. आता त्या विचारतील आणि मला सांगावं लागेल. तेवढ्यात फाटकाच्या बाजूने खणखणीत हाक आली.

"येऽऽ बोंबील! ताजा बोंबील, ताजी कोलंबी! ये गो बाय!"

फाटकालगतच्या पदपथावर पाटी मांडून कोळीण बसली होती. टॉवरमधल्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरत होत्या. मग आत्याबाई म्हणाल्या, "थांब. पोचलो."

मी फोन कोळणीजवळ धरला.

"काय गं," कराडहून दरडावून प्रश्न आला, "ताजं म्हंतीयास, कालचं न्हाई ना?"

कोळीण दचकली. आधी माझ्याकडे, मग फोनकडे बघत म्हणाली, "कोण हाय? ओ आजी, फोनवरून मासली बघता काय?"

"बघत न्हाई. ऐकतीया. माझी आई हितंच घ्यायची, तुझ्याच पाटीवर."

"माझ्या नाय, माझ्या आजीच्या! आमची जागा हाय ही. टॉवर झाला, आम्ही नाय हललो!"

टॉवर हा शब्द पडला होता. पण आत्याबाई हसत होत्या, खुदुखुदु, मी त्यांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"टॉवर झाला ते ठाव हाय मला. रजनी, तोंड पाडून उभी राहू नगंस. चाळ पडली हे कुणी सांगायला लागतं व्हय? हितं कुणी ओरडतंय का न्हाई, एवढंच बघायचं हुतं. आता चांगला वाटा घे, आणि घासाघीस कर. तुला येत नसंल तर फोन दे तिला."

मला खरंच येत नव्हती. फोन दिला. कोळीण आणि आत्याबाई यांचं जे जुंपलं, ते ऐकायला टॉवरच्या बायका, वॉचमन आणि दोन कुत्री गोळा झाली. मी फक्त मोबाईल धरून होते. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि या वेळी गल्लीत मिरची नव्हती. इतका आनंद मला कधी झाला असेल ते आठवत नाही.

बोंबलाचा वाटा दाजींनी त्याच दुपारी तळला. मी कराडला परत आले ते माझा विषय घेऊनच. आता चॅनेलचं नाव तेच आहे, पण त्यात मी ठिकाणं ऐकवते. पहिला व्हिडिओ कोळणीचा. खाली लोक लिहितात की डोळे मिटून पाहिला.

तो मी आत्याबाईंना लावून दिला. त्यांनी मोबाईल कानाला धरला, शेवटपर्यंत ऐकला, आणि कपाळाला आठी घातली.

"का हो? आता तर मी एक अक्षर बोलले नाही."

"तेच की. तुझं ते 'नमस्कार मंडळी' कुठं गेलं?"

"तुम्हालाच नको होतं ना?"

"मागचं ऐकू ईना म्हणून म्हंतलं. पर तेवढं एक ठेव." त्यांनी चाचपडत माझा हात शोधला. "तू कुठं उभी हायस ते कळाय नगं मला?"

म्हणून हल्ली मी सुरुवातीला एकदाच नमस्कार म्हणते, आणि मग गप्प बसते. ते दुसरं मला अजूनही अवघड जातं.